पीठ मळायचं मशीन दोन महिन्यांत बंद. दुकानदार म्हणतो, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही

शेवचकली_लोकमान्यनगर

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. घरून फराळाचं आणि पोळ्यांचं काम करते. दिवाळीला चकली, शेव, अनारसे. एरवी पुरणपोळ्या, गुळपोळ्या आणि एका होस्टेलला रोजच्या पोळ्या. ह्यांची नोकरी गेल्यापासून घर यावरच चाललंय, मुलाची कॉलेजची फी यातूनच जाते. मदतीला एक बाई येतात, बाकी सगळं मीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या आधी, पीठ मळायचं मशीन घेतलं. पाच किलोचं, स्टीलच्या टाकीचं. राणीपुऱ्याकडच्या एका दुकानातून, ३४,००० रुपयांना. २०,००० ह्यांच्या खात्यातून यूपीआयने दिले, १४,००० रोख. बिल मागितलं तर गुलाबी पॅडवर 'एस्टिमेट' लिहून हातात दिलं. वर ह्यांचं नाव, खाली मॉडेल आणि रक्कम. "पक्का बिल चाहिए तो जीएसटी अलग लगेगा, मैडम." वॉरंटी कार्ड मात्र आहे, त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे. मोटर आणि गिअरबॉक्सला एक वर्ष. कंपनी राजकोटची.

नवरात्रात गिअरमधून कर्र कर्र आवाज यायला लागला. दुकानाने माणूस पाठवला, त्याने उघडलं, ग्रीस भरलं, ६०० रुपये घेतले, पावती नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मशीन ठप्प. मोटर फिरते, आतला दांडा फिरत नाही. वरून काळं ग्रीस पिठात उतरलं. भाजणीचा तो सगळा घाणा टाकून दिला. तीन किलो भाजणी म्हणजे काय हे ज्यांनी डाळ-तांदूळ भाजून दळून आणलेत त्यांनाच कळेल. काही ऑर्डरी हाताने मळून पुऱ्या केल्या, काहींचे ॲडव्हान्स परत केले. उजवं कोपर अजून दुखतंय.

दुकानदार आधी म्हणाला, "दिवाली बाद देखेंगे." दिवाळीनंतर म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनीचा फोनवरचा माणूस म्हणाला, डीलरशी बोला. परवा मी जरा आवाज चढवला तर मालकाचा मुलगा शांतपणे सांगतो, "आप तो धंधे में चला रही हो. कमर्शियल यूज़ में ना वारंटी होती है, ना उपभोक्ता फोरम लगता है. और केस करना है तो राजकोट जाना पड़ेगा." त्याच्या मागे पाटी होती, 'फ़ैशन के दौर में गारंटी की इच्छा न करें'. मशीनच्या दुकानात फॅशनची पाटी कशाला लावलीय, देव जाणे.

तर मला एवढंच कळायला हवंय. मी खरंच ग्राहक नाही का? त्या गुलाबी कागदाला काही अर्थ आहे का? राजकोटला जावं लागेल का? आणि ३४,००० च्या मशीनसाठी वकिलाला किती द्यायचे? कॉलनीतल्या एकांनी तर सांगितलं की तुमच्याकडे खाद्य परवान्याची नोंदणी आहे म्हणजे तुम्ही 'फर्म' झालात, आता विसरा. जाणकारांनी सांगा.

पोहेजलेबी

आधी १९१५ ला फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. तक्रारीचा नंबर देतात आणि कंपनीला कळवतात. माझ्या भावाचा मोबाइल तसाच बदलून मिळाला होता. बाकी कायद्याचं मला कळत नाही.

सुटेभाग_सियागंज

ताई, मी स्वतः दुकानदार आहे, मिक्सर-ग्राइंडरचे सुटे भाग विकतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. राग मानू नका.

पाच किलोचं मशीन म्हणजे पाच किलो कोरडं पीठ की पाच किलो मळलेली कणीक, हे कार्डावर बघा. गिऱ्हाइकं इथेच चुकतात. पोळीची कणीक सैल असते, चकलीची भाजणी घट्ट. गिअरवर येणारा जोर सारखा नसतो. दुसरं, तुम्ही सलग किती वेळ चालवता? पुस्तिकेत बहुतेक 'इतकी मिनिटं चालवा, मग थांबा' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे लोक जळलेली मोटर घेऊन येतात आणि सांगतात, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं.

पण तुम्ही म्हणता तसं काळं ग्रीस टाकीत उतरलं असेल तर माझ्या मते ऑइल सील (ग्रीस आतच अडवणारी कडी) गेलंय, आणि दोन महिन्यांत सील जाणं हे नुसत्या जास्त भाराने सहसा होत नाही. शिवाय खाण्याच्या पिठात ग्रीस उतरणं ही साधी गोष्ट नाही. एक मात्र ऐका: आता ते मशीन दुसऱ्या कुणाकडूनही उघडून घेऊ नका. उघडलंत की समोरचा म्हणणार, यांनीच बिघडवलं.

आणि कच्च्या बिलाबद्दल बोलायचं तर निम्मी गिऱ्हाइकं स्वतःच म्हणतात, भिया बिल नको, भाव कमी कर. सगळा दोष दुकानदारांच्या माथी मारू नका.

शेवचकली_लोकमान्यनगर

राग कसला, दादा, उलट बरं झालं विचारलंत. आत्ता कार्ड काढून बघितलं. '५ किग्रा आटा' असं लिहिलंय. मी एका घाण्याला तीन-साडेतीन किलोच्या वर कधी घातलं नाही, कारण टाकीतून उडतं. '२० मिनिट के बाद १० मिनिट विश्राम' असं आहे. आमचा एक घाणा बारा-पंधरा मिनिटांत होतो, मग पीठ काढून टाकी पुसेपर्यंत मशीन बंदच असतं.

आणि गंमत म्हणजे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर उंच टोपीवाल्या आचाऱ्याचं चित्र आहे आणि खाली 'होटल, ढाबा, कैंटीन एवं गृह उद्योग हेतु उपयुक्त'. कमर्शियल वापराला वॉरंटी नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही. दोनदा वाचलं, मुलालाही वाचायला लावलं.

निवृत्त_क्लेमवाला (राजेंद्र नगर)

वहिनी, मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालो. जिल्हा ग्राहक आयोगासमोर (तो मुलगा ज्याला फोरम म्हणतो तेच) वर्षानुवर्षं उभा राहिलो ते कायम विरुद्ध पक्षाच्या बाजूने. त्यामुळे समोरचा काय बोलणार हे मला पाठ आहे. समोर जरा धंदेवाला तक्रारदार दिसला की आमचा पहिला आक्षेप ठरलेला असायचा: हा व्यावसायिक हेतू आहे, तक्रारदार ग्राहक नाही. तो मुलगा जे बोलला ते त्याने कुठून तरी ऐकलेलं अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं तुमच्या बाजूचं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. त्याच्या कलम २(७) मध्ये ग्राहक कोण ते दिलंय. पुन्हा विकायला किंवा व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा त्यातून वगळलाय, हे खरं. पण लगेच खाली स्पष्टीकरण आहे: केवळ स्वयंरोजगाराने स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन वापरली, तर तो व्यावसायिक हेतू धरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या प्रकरणात हे उलगडून सांगितलं. टॅक्सी घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक ठरतो. यंत्र चालवायला एक-दोन माणसं मदतीला ठेवली म्हणून त्याचं ग्राहक असणं संपत नाही. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या बाईंमुळे काही बिघडत नाही. (त्या प्रकरणातली लक्ष्मी इंजिनिअरिंग स्वतः मात्र हरली. तिने घेतलेलं यंत्र मोठ्या कारखानदारीचं होतं. तेव्हा निकालाचं नाव घेताना तुमची परिस्थिती तिच्यापेक्षा कशी वेगळी, हेही लिहा.)

आता मुद्द्याचं. आमच्या बाजूने असे आक्षेप जिथे टिकले, तिथे पुष्कळदा तक्रारदार खरा असायचा, पण त्याने तक्रारीत ते लिहिलेलंच नसायचं. 'मी अमुक यंत्र घेतलं, ते बिघडलं, पैसे द्या' एवढंच. उपजीविकेचा शब्द नाही. आम्ही आक्षेप घेतल्यावर मग सांगायचं की घर यावरच चालतं. तेव्हा आम्ही म्हणायचो, ही मागाहून रचलेली गोष्ट आहे. म्हणून तक्रारीच्या अगदी सुरुवातीला, मशीनचं नाव येण्याच्याही आधी, लिहा: घरी मी स्वतः पदार्थ करते, कुटुंबाची उपजीविका त्यावर आहे, पतीची नोकरी अमुक महिन्यात गेली, मदतीला एकच बाई आहे, यंत्र मी स्वतः चालवते. आणि त्याचे पुरावे जोडा. यांच्या नोकरीचं शेवटचं पत्र, मुलाच्या फीची पावती, तुमच्या खात्याचा उतारा.

खाद्य परवान्याच्या नोंदणीला घाबरू नका, ती उलट लावा. लहान खाद्य व्यावसायिकाची नोंदणी म्हणजे तुम्ही छोट्या प्रमाणावर काम करता याचा सरकारी कागद. कॉलनीतल्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

वॉरंटी हा वेगळा प्रश्न आहे, त्याची यात गल्लत करू नका. घरगुती मिक्सरच्या कार्डावर 'व्यावसायिक वापरास लागू नाही' अशी ओळ असते, आणि तो मिक्सर कुणी ज्यूस सेंटरवर चालवला तर कंपनी हात वर करते, तिथे तिचं थोडंफार खरंही असतं. तुमच्या पुस्तिकेवर आचारी छापलाय. ते पान पहिल्या जोडपत्रात घाला.

गुलाबी कागद चालतो. आयोगाला पैसे दिल्याचा आणि वस्तू घेतल्याचा पुरावा हवा असतो. २०,००० चा यूपीआय व्यवहार, एस्टिमेट, शिक्क्याचं कार्ड, तिन्हींचा मेळ बसतो आहे. आणि वस्तू विकून बिल न देणं हा २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथेचा भाग आहे. गिऱ्हाईक बिल नको म्हणालं होतं असं सियागंजवाले दादा म्हणतील, पण तुम्ही तर मागितलं होतं. तेही तक्रारीत लिहा. १४,००० रोख दिल्याचं तो नाकारू शकतो, पण एस्टिमेटवर ३४,००० त्याच्याच हातचे आहेत.

राजकोटचं तर साफ खोटं. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा चालतो. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. तुमचं तर दुकानही इंदूरचंच. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. फोनवर तुमचं तेच चाललंय.

पैशाचं म्हणाल तर वस्तूची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य आहे. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. ई-जागृती नावाचं पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून आहे, त्यावर घरबसल्या दाखल करता येतं. प्रतिज्ञापत्र मात्र नोटरीकडून करून घ्यावं लागेल.

एक गोष्ट अनुभवाची. भरपाई मागताना हात आखडता घ्या. 'दिवाळीच्या धंद्याचं तीन लाखांचं नुकसान' असं लिहिलंत की माझ्यासारखा समोरचा माणूस खूश होतो. म्हणणार, बघा साहेब, तीन लाखांची उलाढाल म्हणतायत, ही काय उपजीविका झाली? मशीनची किंमत व्याजासह परत किंवा नवं मशीन, मेकॅनिकचे ६००, वाया गेलेलं सामान, परत केलेल्या ॲडव्हान्सची बेरीज यूपीआयच्या नोंदींसकट, आणि मनस्ताप व खर्चाची एक माफक रक्कम. बस.

ग्वाल्हेरची_वृंदा

क्लेमवाले काकांनी छान सांगितलं, पण वेळेचंही सांगायला हवं. कायद्यात समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात. माझं कूलरचं प्रकरण वर्षाच्या वर चाललं. शेवटी निकाल लागलाच नाही, आयोगानेच मध्यस्थीला पाठवलं, दोन्ही बाजूंनी होकार दिला आणि तिथे एका बैठकीत मिटलं. मला पूर्ण पैसे नाही मिळाले, पण दुकानदारानेही खळखळ न करता दिले. तर ताई, मध्यस्थीचं विचारलं तर लगेच नाही म्हणू नका, फक्त तिथेही आकडा मनात पक्का ठेवून जा.

आणि हेल्पलाइनवर विसंबून बसू नका. १९१५ चा नंबर मिळाला म्हणजे केस झाली असं नाही. आयोगात तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत तिकडे चालूच राहते.

सुटेभाग_सियागंज

काका, दुकानदाराला आयोगात उत्तर द्यायला किती दिवस असतात? माझ्यावर कुणी केलीच तर माहीत असावं म्हणून विचारतो 😄

निवृत्त_क्लेमवाला (राजेंद्र नगर)

३० दिवस, आणि आयोगाने दिले तर वर १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं. तो दावाही एका विमा कंपनीचाच होता, आमच्या खात्यात त्या दिवशी बरीच धावपळ झाली होती. तेव्हा नोटीस आली तर गल्ल्याखाली ठेवू नका.

शेवचकली_लोकमान्यनगर

काका, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. अजून दोन अडचणी आहेत. एस्टिमेट ह्यांच्या नावावर आहे, पैसेही ह्यांच्या खात्यातून गेले, आणि मशीन चालवते मी. तक्रार कुणी करायची? ह्यांचं म्हणणं, मी कशाला त्यात, मला कोर्टाची पायरी चढायची नाही.

दुसरं, दुकानदाराशी जे काही बोलणं झालं ते बरंचसं फोनवर. व्हॉट्सॲपवर माझे मेसेज आहेत, बंद मशीनचा आणि ग्रीस लागलेल्या पिठाचा व्हिडिओ आहे, त्यावर त्याचा एकच '👍🏻' आहे आणि एकदा 'देखते है'. एवढ्याने काय होणार?

निवृत्त_क्लेमवाला (राजेंद्र नगर)

विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्यात ग्राहकच धरलाय, त्यामुळे तुम्ही एकट्या तक्रार करू शकता. पण माझं ऐका, दोघांच्या नावाने करा. नाहीतर समोरचा म्हणणार, घेणारा एक आणि उपजीविका दुसऱ्याची. पहिल्या तक्रारदार तुम्ही, दुसरे हे, आणि तुम्ही हजर राहाल असं अधिकारपत्र त्यांनी तुम्हाला लिहून द्यावं. त्यांना पायरी चढावी लागणार नाही. सही मात्र करावी लागेल, तेवढं चहा पाजून करून घ्या.

तो अंगठा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. व्हिडिओ त्याला पोचला आणि त्याने पाहिला, हे त्यातून दिसतं. आणि तारीख वॉरंटीच्या आतली. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, छापील प्रतीबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचं असतं, नोटरीकडे मसुदा मिळतो.

आता लगेच एक करा. दुकानाला आणि कंपनीला स्पीड पोस्टाने लेखी पत्र. तक्रारीआधी नोटीस पाठवणं सक्तीचं नाही, पण फोनवरचं सगळं त्यात तारखेसह लिहून टाकलं की पुढे ते नाकारणं त्याला जड जातं. धमकी नको, जीएसटीवाल्यांना सांगीन वगैरेही नको. मॉडेल, तारीख, बिघाड, मेकॅनिक कधी आला, त्याने किती घेतले, मालकाचा मुलगा काय म्हणाला, आणि पंधरा दिवसांत मशीन बदला किंवा ३४,००० परत करा. हिंदीतच लिहा, मराठीत नको; राजकोटवाल्याला आणि आयोगाला दोघांनाही वाचता आलं पाहिजे. पावती आणि पोच जपून ठेवा.

मशीन आहे तिथेच, आहे तसंच राहू द्या. टाकीत सांडलेलं ग्रीसही पुसू नका, फोटो काढा आणि वर फडकं बांधा. आयोगाने तपासणीला पाठवायचं ठरवलं तर तेच बोलेल.

शेवचकली_लोकमान्यनगर

पत्राचा मसुदा मुलगा आज रात्री टाइप करतोय. ह्यांनी सही करायला होकार दिलाय, अट अशी की गुळपोळ्या पाहिजेत. सियागंजवाले दादा, हे ऑइल सील गेलंय असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्याल का? मशीन न उघडता, नुसतं बघून. काय घ्याल ते पावतीवर घ्या.

सुटेभाग_सियागंज

येतो ताई, रविवारी. लिहून देईन, पण जे दिसेल तेवढंच लिहीन हं. जास्त भाराची खूण दिसली तर तीही लिहीन. आणि पावती पक्की देतो, जीएसटीसकट.